बापांना बांधायचा रविवार

ल्युबिसाव आजोबांना पकडणे दरवर्षी सोपे जाई, कारण पकडले जाण्याची घाई घरात सर्वांत जास्त त्यांनाच असे. जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला येणारा नाताळ पाच दिवसांवर आला होता. त्या रविवारी सकाळी ते गोठ्यातून आले, उंबऱ्याशी बुटांवरचा बर्फ झटकला, चुलीजवळच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही पाय आपणहून जुळवून पुढे केले. मग डोळे मिटून ते मोठमोठ्याने घोरू लागले. सरपणाच्या पेटीमागून लेंका निघाली, टेबलाखालून वुकान निघाला, आणि वासराच्या दाव्याने दोघांनी त्यांचे पाय खुर्चीला करकचून बांधले.

"लुटलं! म्हाताऱ्याला लुटलं!" आजोबांनी डोळे उघडून बोंब ठोकली. "क्रुनिया, धाव गं! घरात दरोडेखोर शिरलेत!"

"शिरू देत," क्रुनिया आजी घेवड्याच्या मडक्यात कांदा लोटत म्हणाली. "गेल्या रविवारी मला न् विदाला बांधलं, तेव्हा तू पेर्सिदाकडे पत्ते कुटत होतास. तेव्हा नाही कुणी धावलं."

"खंडणी!" लेंका म्हणाली. ती पाच वर्षांची होती आणि हा शब्द तिला फार आवडे.

आजोबांनी खिशातून एक अक्रोड काढला आणि राजाने जहागीर द्यावी तसा तिच्या हातावर ठेवला. लेंकाने तो तळहातावर दोनदा वरखाली केला. तिचा चेहरा सराफासारखा गंभीर झाला.

"पोकळ आहे."

"काय म्हणतेस!"

"पोकळ आहे न् मेणानं चिकटवलाय. आजोबा, हे मीच केलं होतं. माझंच मला देता?"

आजोबा इतके हसले की खुर्चीसकट हलले. नाताळाआधीच्या तीन रविवारी ओळीने मुले, आया आणि बाप बांधले जात आणि खंडणी देऊन सुटत. दोन रविवारांपूर्वी मोठ्या माणसांनी मुलांना बांधले होते, तेव्हा लेंकाने गर खाऊन टाकलेले अक्रोड मेणाने जोडून आजीला खंडणी म्हणून दिले होते. त्याबद्दल आजीने तिला रागावण्याऐवजी शेजारी बसवून भरलेला आणि पोकळ अक्रोड तळहातावर तोलायला शिकवले होते. फसवणाऱ्याला फसवणूक ओळखता आलीच पाहिजे, हे तिचे मत.

क्रुनिया आजीच्या घरात पैशाला तीन पायऱ्या होत्या. त्या तिने कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. मुलाच्या तोंडात डोकावले की पायरी कळे. दुधाचे दात असेतो अक्रोड. अक्रोड मुठीत मावतो, मोजता येतो आणि खाल्ला की संपतो. पैशाविषयीची पहिली सत्ये एवढीच. दात पडू लागले की स्वतःची कोंबडी. तिला रोज दाणे घालावे लागतात, आणि ती रोज अंडे देईलच असे नाही. बारावे लागले की पत्र्याचा डबा, आणि त्यात स्वतःच्या कष्टाच्या नोटा. आपल्या दोन्ही मुलांना तिने याच पायऱ्यांवरून चढवले होते. एक गावात गणिताचा मास्तर झाला, दुसरा व्हिएन्नात गवंडी. एकाला हिशेब आला आणि दुसऱ्याला पैसा, हा मात्र पायऱ्यांचा दोष नव्हता.

पण या वर्षी त्या पायऱ्या जणू कुणी उलट्या लावून ठेवल्या होत्या. दिनाराची किंमत सकाळी एक असे आणि दुपारी दुसरी. पगार हातात पडला की माणसे दुकानाकडे पळत, आणि पळता पळता तो वितळे. कालच, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, सरकारने नोटांवरची नऊ शून्ये एकदम कापून टाकली होती. अशा काळात लेंका अक्रोडांच्या पोत्यावर बसून घरातली सर्वांत श्रीमंत झाली होती. आठ वर्षांचा वुकान आपल्या कोंबडीच्या जिवावर सावकार झाला होता. आईने त्याच्याकडून घेतलेली अंडी व्याजासकट फेडता फेडता तिच्या नाकी नऊ आले होते. आणि सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेली बारा वर्षांची नेवेना कफल्लक होती.

आजीने खिडकीतून पाहिले. नेवेना अंगणात उभी होती. तिच्या खांद्यावर लाल लोकरीचा लांब कमरपट्टा होता, लग्नात पुरुष बांधतात तसला. ती आजोबांसाठी आलेली नव्हती, काकासाठीही नव्हती. ती तिच्या बापाची वाट पाहत होती.

*

रादोयको काका झोपेतच बांधला गेला. व्हिएन्नाहून बसने येऊन त्याला तीन दिवस झाले होते, आणि तिन्ही दिवस तो झोपून होता. मुलांनी त्याला पांघरुणासकट गुंडाळून वर दोर फिरवला, आणि ती गुंडाळी ढकलत, घसरवत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत स्वयंपाकघरात आणली.

"वहिनी, यांना सांगा," गुंडाळीतून आवाज आला, "मी बाप नाही. माझं लग्नसुद्धा झालेलं नाही. आज बापांचा दिवस आहे."

"भावजी, लग्न झालं नाही ते तुमचं नशीब," मुलांची आई विदा म्हणाली. "खंडणी चुकवायला तेवढं कारण पुरत नाही."

"बरं. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात हात घाल रे वुकान. निळ्या नोटा आहेत ना? एक तू घे, एक लेंकाला दे."

वुकानच्या हातात दहा जर्मन मार्कांची नोट होती. तेवढ्या पैशांत त्याच्या बापाचे कित्येक महिन्यांचे पगार भागले असते.

"ठेव ती," आजी म्हणाली.

"आई, अगं..."

"ठेव म्हटलं ना! त्या पोरीचे अजून दुधाचे दात आहेत, न् तिला मार्क देतोस? उद्या तिला वाटेल, पैसा काकाच्या कोटात पिकतो."

"माझ्या कोटातच पिकतोय की सध्या! इथं तर कुठंच पिकत नाही. तुझ्या पायऱ्यांनी काय दिलं नेवेनाला? सांग ना. अख्खा सप्टेंबर पोरीनं लोकांच्या बागांत आलुबुखार वेचले, न् मिळालं काय? काड्यापेटी!"

आजीच्या हातातला डाव मडक्यावर आपटला. विदाने सासूकडे पाहिले आणि मग दिराकडे. आणि सगळ्यांच्या देखत, फार हळू आवाजात, ती दिराच्या बाजूला गेली.

"आई, भावजी चुकीचं नाही बोलत. मागच्या आळीतला मिलोय तिला मजुरीत डुकराचं पिल्लू देत होता. पिल्लू! आज ते केवढं झालं असतं? तुम्हीच म्हणालात, नको, आता बारावं लागलंय, नोटाच घे."

"मी म्हणाले," आजी म्हणाली. "न् डब्यात टाक असं कोण म्हणालं? मी नव्हते म्हणाले."

ते कोण म्हणाले होते हे सगळ्यांना माहीत होते, आणि तो माणूस अजून सापडला नव्हता.

"तिहोमिर कुठाय?" आजोबांनी विचारले. "माझ्या पायाला मुंग्या आल्या. एकट्यानं बांधून घेण्यात मजा नाही."

*

तिहोमिर माळ्यावर होता. कांद्याच्या वेण्या आणि सुकत घातलेल्या मिरच्यांच्या माळा यांच्यामध्ये तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, आणि चाळिशी ओलांडलेल्या गणिताच्या शिक्षकाला हे शोभत नाही, हे त्याला कळत होते. दोराची त्याला भीती नव्हती. लहानपणी त्याने स्वतः याच रविवारी ल्युबिसावला विहिरीच्या खांबाला बांधून ठेवले होते आणि खंडणी म्हणून पतंगाएवढा पिवळा जिलेटीन कागद उकळला होता. त्याला भीती होती ती नेवेनाच्या डोळ्यांची.

सप्टेंबरच्या अखेरीस ती नोटांचा जुडगा घेऊन त्याच्याकडे आली होती. तिच्या बोटांना आलुबुखाराचा जांभळा रंग होता, आणि तो कानापर्यंत पसरला होता, कारण विचार करताना ती कान चोळत असे. शेजारच्या पेर्सिदाबाईंच्या नवऱ्याचा अकॉर्डियन विकायचा होता. लहान, काळा, कोपऱ्यात मोत्याच्या शिंपल्यासारखा चकाकणारा. म्हातारा गेल्यापासून तो खाटेखाली होता. नेवेनाकडे निम्मी किंमत जमली होती. "पेर्सिदा आजी म्हणते, आत्ता निम्मे दे, निम्मे मागाहून. देऊ?" तिने विचारले होते. आणि तो म्हणाला होता, "घाई कशाला? डब्यात ठेव. नाताळपर्यंत उरलेले निम्मेही जमतील. उसनवारीनं सुरुवात करू नये."

हे वाक्य बोलताना त्याला ठाऊक होते की डब्यातले पैसे नाताळपर्यंत टिकणार नाहीत. तो रोज फळ्यावर शून्ये काढत होता; मुले हसत होती. शून्याला किंमत नसते हे वर्गाला पटवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि सरकारने ते एका हिवाळ्यात पटवून दिले होते. सारे ठाऊक असूनही आपल्या तोंडून ते जुने, शहाणे वाक्य कसे निघाले, याचा विचार तो गेले दोन आठवडे करत होता. मुलांना बांधायच्या त्या रविवारी नेवेनाने डबा आणून टेबलावर पालथा केला, वुकान ती सगळी दौलत घेऊन दुकानात गेला आणि काड्यापेटी घेऊन परतला. सगळे हसले. हसण्यासारखेच होते. नेवेनाही हसली. त्या दिवसापासून तिने बापाकडे मीठ सोडून काहीही मागितले नव्हते.

माळ्याची शिडी करकरली. वुकानचे डोके वर आले.

"सापडला!" तो ओरडला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, दोन अंडी दिलीस तर मी म्हणेन, तू इथं नाहीस."

"माझ्याकडं अंडी नाहीत रे."

"मग सापडला!" वुकान पुन्हा पहिल्या पट्टीत ओरडला.

*

त्याला नेवेनाने एकटीने बांधले. बाकीच्यांना तिने हात लावू दिला नाही. लाल कमरपट्टा त्याच्या पोटाभोवती, खुर्चीच्या पाठीभोवती फिरवला, दोन्ही मनगटे खुर्चीच्या हातांना बांधली आणि शेवटी फुलासारखी गाठ मारली. लेंकाने त्याच्या डोक्यावर कांद्याची वेणी ठेवली. आता चुलीभोवती तीन कैदी होते: दावे बांधलेले आजोबा, पांघरुणातला काका आणि कांद्याचा मुकुट घातलेला मास्तर. विदाला हसू आवरेना. ती हसू नये म्हणून पाव कापू लागली, आणि तो वेडावाकडा कापला गेला.

"खंडणी बोल," तिहोमिर म्हणाला.

"सप्टेंबर," नेवेना म्हणाली.

"काय?"

"माझा सप्टेंबर परत दे."

आजोबांनी शीळ घातली. "पोरगी भाव लावायला शिकली!"

"नेवेना, असं काय ते..." विदा बोलू लागली.

"उद्या सकाळी पेर्सिदा आजीचा भाचा येणार आहे," नेवेना म्हणाली. ती बापाकडेच बघत होती. "तो अकॉर्डियन वाल्येवोच्या बाजारात नेणार. आज मिळाला तर मिळाला. मला बाकी काही नको. माझा सप्टेंबर पाहिजे."

"घ्या!" काका पांघरुणात वळवळला. "किती मागते म्हातारी? पन्नास मार्क? कोटात आहेत. काढ वुकान. मी भावाची खंडणी भरतो, मला सोडा, मला शिंक येतेय."

विदाने चटकन सासूकडे पाहिले. आजीचे ओठ घट्ट मिटले होते, पण या वेळी ती नाही म्हणाली नाही. सगळ्यांच्या नजरा नेवेनाकडे वळल्या. तिने कोटाकडे पाहिले. फार वेळ पाहिले. घे, घे, असे तिहोमिरला ओरडावेसे वाटले.

"काकानं काकाची खंडणी भरावी," ती म्हणाली. "बाबाची बाबानं."

"ही तुझी नात!" काका आईला म्हणाला. "तुझंच डोकं. दगड!"

"माझंच," आजी म्हणाली.

"माझ्याकडं पगार आहे," तिहोमिर म्हणाला.

यावर आजोबा असे हसले की त्यांच्या पायाचे दावे सैल झाले. वुकान जमिनीवर लोळला. खुद्द तिहोमिरलाही हसू फुटले आणि कांद्याची वेणी घसरून नाकावर आली. नेवेनाच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिने तो दातांखाली धरला.

"मग वचन देतो. उन्हाळ्यापर्यंत..."

"उधारी बंद!" वुकान खालून म्हणाला.

"नेवेना," तिहोमिर म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की डब्यात ते टिकणार नाही."

चुलीत एक लाकूड फुटले. विदाच्या हातातली सुरी थांबली.

"माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो? जपून ठेवलं की सडतं, हे? हातात आलं की पळत सुटायचं, संध्याकाळच्या आत उडवायचं, उद्यावर भरवसा ठेवायचा नाही? बारा वर्षांच्या पोरीला हे शिकवायचं? मला नाही जमलं गं. मला वाटलं, निदान एका डब्यात तरी पूर्वीसारखं चालू दे."

"पण तो डबा माझा होता," नेवेना म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. तिहोमिरने मान हलवली. मग त्याने आपल्या आईकडे पाहिले, आईकडून बापाकडे, आणि एखादे समीकरण अचानक सुटावे तसा त्याचा चेहरा बदलला.

"तळघरात पीप आहे," तो म्हणाला.

"नाही!" आजी आणि विदा एकदम म्हणाल्या. सबंध सकाळीत त्या दोघी प्रथमच एका बाजूला आल्या.

पिपाविषयी घरात सगळ्यांना ठाऊक होते. नेवेना जन्मली त्या शरद ऋतूत तिहोमिरने आपल्या वाट्याच्या सगळ्या आलुबुखारांची राकिया, म्हणजे घरची दारू, गाळली होती, तुतीच्या लाकडाच्या पिपात भरली होती, आणि पिपावर खडूने मुलीचे नाव लिहिले होते. ते तिच्या लग्नात फुटायचे होते. दरवर्षी खडू पुसट होई आणि दरवर्षी तो नाव पुन्हा गिरवी.

"लग्नाची राकिया आहे ती!" विदा म्हणाली. "पोरीच्या लग्नात पाहुण्यांना काय पाजशील? शून्यं?"

"अपशकुन आहे," आजी म्हणाली.

"कसला अपशकुन?" आजोबा म्हणाले. ते दाव्यासकट उठून उभे राहिले होते. "एवढी वर्षं झाली. कशी लागतेय ते कुणी बघायला नको? मी पोरीच्या बाजूचा."

"तू बाटलीच्या बाजूचा!"

"पोरगी न् बाटली एकाच बाजूला आहेत आज, त्याला मी काय करू?"

"दादा, वेडेपणा करू नकोस," काका म्हणाला. "माझे मार्क घ्या न् ते पीप राहू द्या. नोटा काय, पुन्हा येतील. ती राकिया पुन्हा बनणार नाही."

"म्हणूनच," तिहोमिर म्हणाला. "माझ्याकडं तेवढं एकच आहे, जे ठेवलं न् कमी झालं नाही. नेवेना, ते तुझ्यासाठीच होतं. मी फक्त राखण करत होतो. आता तू ठरव."

नेवेना उभी होती आणि कान चोळत होती.

"सगळं नाही लागणार," ती अखेर म्हणाली. "पेर्सिदा आजीला तिच्या नातवाच्या लग्नाला राकिया हवीच आहे, ती मला म्हणाली होती. एक मोठी बरणी देऊ. वेताची जाळी असलेली. उरलेली राहील पिपात." ती थांबली. "म्हणजे ती आणखी जुनी होईल ना? मग तिची किंमत वाढेल ना, बाबा?"

"वाढेल."

"न् माझ्या लग्नात वाजवणाऱ्यांना पैसे द्यायला लागणार नाहीत. मीच वाजवीन."

"नवरी वाजवणार?" विदा किंचाळली.

"वाजवली तर काय झालं?" आजोबा म्हणाले. "वाजवणारे किती पितात माहितेय तुला? तिथंच निम्मं पीप वाचलं!"

काका पांघरुणात हसू लागला, मग शिंकला, मग पुन्हा हसला. विदाने सुरी टाकली आणि तोंडावर पदर धरावा तसा भांडी पुसायचा पंचा धरला. आजी मात्र हसली नाही. ती नेवेनाकडे पाहत होती, मुलाच्या तोंडात डोकावून दात पाहावेत तशी. तिच्या तीन पायऱ्या जिथे संपत होत्या त्याच्या पलीकडे ही मुलगी उभी होती, आणि तिथवर नेण्याजोगे आजीकडे काही उरले नव्हते. बराच वेळ तिचा हात कमरेशी घुटमळला. मग तिने तळघराची किल्ली सोडली.

"दिवा नीट धर," ती म्हणाली. "न् तोटी उघडताना घाई करू नकोस. पहिली धार जमिनीवर सोडायची असते, गेलेल्यांसाठी."

*

पुढचा अर्धा तास घरात कुणी नीट चालले नाही, सगळे पळाले. आजोबा एका पायात दावे घेऊन तळघरात उड्या मारत उतरले, कारण खंडणी न भरता सुटणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पहिली धार जमिनीवर पडली. दुसऱ्या धारेचा पेला आजीने ओढून घेतला, ओठांना लावला, डोळे मिटले आणि कुणालाही न विचारता पुन्हा भरला. विदाने एक घोट घेतला आणि आपल्या लग्नात काय प्याली होती हे आठवून तिने दिराला राकियाच्या दर्जावरून टोमणा मारला; तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या लग्नातली मीच गाळली होती, न् ती माझी पहिलीच होती." त्याने आपली खंडणी मार्कांत भरली नाही. आजीने त्याला सुट्टीभर लाकडे फोडायला लावले आणि तो कबूल झाला. वेताच्या जाळीतली बरणी वर आली तेव्हा ती जुन्या मधाच्या रंगाची दिसत होती.

मग मिरवणूक निघाली. पुढे नेवेना बरणी छातीशी धरून, तिच्या दोन्ही बाजूंना आई आणि आजी, दोघींचा एकेक हात बरणीच्या तळाशी. मागे काका, अजून पांघरूण पांघरलेला. त्यामागे दावे फरफटवत आजोबा. आणि सर्वांच्या भोवती धावणारा वुकान, जो पेर्सिदाबाईंशी घासाघीस करायचा मोबदला म्हणून एक नवी कोंबडी मागत होता. दार धाडकन लागले. आवाज अंगणातून, कुंपणातून, बर्फातून दूर गेले.

तिहोमिर खुर्चीत होता.

त्याला सोडायचे राहून गेले होते. त्याने मनगट हलवून पाहिले. फुलासारखी गाठ होती. तिचे टोक त्याच्या बोटांपाशीच लोंबत होते, एक हिसका पुरला असता. त्याने तो दिला नाही. चुलीवर घेवडा रटरटत होता. डोक्यावरचा कांदा सुगंधी वाटू लागला होता. खिडकीच्या काचेवर बर्फाची फुले उमटली होती आणि त्यांतून दुपार पिवळसर होऊन आत येत होती.

दार पुन्हा उघडले. लेंका आली. तिचा एक हातमोजा राहिला होता. ती टेबलाखाली शिरली, मोजा घेऊन निघाली, आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"तू अजून बांधलेला?"

"हं."

"खंडणी भरली ना?"

"भरली. सोडायला विसरली ती."

लेंकाने गाठ पाहिली, ओढली, तशी ती आणखी आवळली गेली. तिने उसासा टाकला. मग खिशात हात घालून तिने एक अक्रोड काढला आणि खुर्चीच्या हाताला बांधलेल्या त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा घे. तोवर."

"पोकळ?" त्याने विचारले.

"तूच तोलून बघ," लेंका म्हणाली आणि मोजा घालत पळाली.

त्याने हात जमेल तितका उचलला. दोन बोटांएवढीच जागा होती. अक्रोड तळहातावर वरखाली झाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक आवाज आला. तो सूर नव्हता. कितीतरी दिवस खाटेखाली मिटून पडलेल्या भात्याने पहिल्यांदा हवा आत ओढून घेतली होती, लांब, धापा टाकत, धुळीने खोकत; आणि मग सगळी बोटे एकदम पडावीत तसा एक भयंकर, बेसूर, आनंदी कल्लोळ बर्फावरून धावत आला. कुत्रा भुंकला. आजोबांचे हसणे ऐकू आले.

तिहोमिरने मूठ मिटली. अक्रोड भरलेला होता.